बाकाची खालची बाजू

मे महिन्यात हांडेवाडीच्या शेडमध्ये
तीन शाळांचे बाक एकाच टेम्पोतून उतरतात
आणि पत्र्याखाली एकमेकांत मिसळून जातात.
चार फुटी, निळा रंग, पाठीवर ‘पुणे मनपा’.
ऑफिसच्या कागदावर सगळे सारखेच:
दुरुस्ती, नग एकशे बारा.

मी आधी उलटे करतो.
सुतार माणूस बाक वरून बघत नाही.

कॅनॉलकडच्या शाळेचा ओळखायला सोपा.
दोघांच्या जागेत तिघं बसतात,
कडेचा रंग पार उडालेला,
तिसऱ्याचं अर्धं बूड कायम बाहेर,
एक पाय आधाराला फरशीवर.
कर्कटकानं कोरलंय ‘सार्थक अधिक’,
पुढचं नाव खरवडून टाकलेलं.
बहुतेक तिनंच.

नव्या इमारतीतल्या शाळेचे बाक गुळगुळीत.
तिथं लिफ्ट आहे, वर्गात टीव्ही,
इंग्रजी माध्यम, चिठ्ठ्या टाकून प्रवेश.
एक ओरखडा नाही.
आधी बरं वाटलं, मग जरा भीतीच:
आठ वर्षांचं पोर तासन्‌तास बसतं
आणि लाकडाला त्याचा पत्ताच नाही?
उलटा केला, तर खाली च्युइंगम,
थरावर थर, गुलाबी, हिरवं,
बोटांचे ठसे जसेच्या तसे.
चला, म्हटलं, पोरं जिवंत आहेत.

घरी सुलभा विचारते, ठरलं का?
तनया जूनमध्ये सहाची होईल.
खरातवहिनींकडे सगळा हिशेब तयार:
कुठं सेमी आहे, कुठं बूट दिवाळीआधी मिळतात,
कुठली दोन पोरं शिष्यवृत्तीला लागली,
आणि कुठं ‘कसली कसली’ मुलं येतात
हे त्या आवाज उतरवून सांगतात.
सुलभाला एवढंच हवंय:
मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का.
तेवढं जाऊन बघा, म्हणते,
बाकावरून ते कळायचं नाही.

गेलो. कॅनॉलकडे कडी आहे,
दार मात्र बिजागरीतून लोंबतंय.
नव्या इमारतीत दार आहे, कडी आहे,
पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही.
शिपाई म्हणाला, पालक का?
मी म्हटलं, नाही, बाकवाला.
का तसं म्हणालो, कोण जाणे.

टेकडीखालच्या शाळेचे बाक चौदाच.
त्यातल्या एकावर खिळा वर आलेला,
त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
सुतळीनं करकचून बांधलेला,
आणि पाठीच्या फळीवर मार्करनं, मोठ्या माणसाचं अक्षर:
‘इथे सावकाश बस. खिळा आहे. – मोमीनबाई’
त्याखाली पेन्सिलीनं, वाकडं:
‘हो बाई’.

टेम्पोवाल्या रज्जाकला विचारलं, ही शाळा कुठं रे नेमकी?
ती? बंद झाली की मार्चमध्ये.
पट अकरा. दुसरीला जोडली.
बाक जिथं कमी पडतील तिथं द्यायचेत.
आणि बाई?
त्याला बाक माहीत होते, बाई नाही.

आता सगळे रंगवून झालेत.
त्याचाही खिळा आत घातला, डोकं बसवलं,
लांबी भरली, ट्यूबचा तुकडा टाकायचा म्हणून खिशात ठेवला
तो अजून खिशातच.
पाठीच्या फळीवर मात्र पॉलिश पेपर फिरवला नाही.
भिंत रंगवताना स्विचबोर्डाभोवतीनं नेतात
तसा ब्रश अक्षरांच्या कडेकडेनं नेला.
बोत्रेसाहेब बघून गेले,
म्हणाले, हा एक राहिलाय वाटतं.
हो, म्हटलं, वाळतोय.

रात्री सुलभा फॉर्म पुढ्यात घेऊन बसली,
पेनाचं टोपण दातात.
शाळेचं नाव काय लिहू?
थांब दोन दिवस, म्हटलं.
बाकांचं चलन येऊ दे.